गोठ्यापुढच्या दगडी डोणीत कमळ लावावे का? पाण्याचा हिशेब आणि अनुभव हवे आहेत

कोरडवाहू_वावर (आर्वी तालुका, जि. वर्धा) · 9 फेब्रुवारी

नमस्कार मंडळी.

आमच्या गोठ्यापुढे आजेसासऱ्यांच्या काळातील एक दगडी डोणी (गुरांना पाणी पाजायची कुंडी) आहे. आतून मोजली तर ती पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल भरते. चार वर्षांपूर्वी बैलजोडी विकली आणि मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरने होऊ लागली, तेव्हापासून डोणी रिकामी आहे. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचते आणि आरोग्य सेविका ते ओतून द्यायला सांगतात. उन्हाळ्यात शेजारच्या निंबाचा पाचोळा तिच्यात भरतो. माझे माहेर भंडारा जिल्ह्यातील, त्यामुळे कमळांनी भरलेला तलाव पाहतच मी लहानाची मोठी झाले. या डोणीत कमळ लावावे, असे गेली दोन वर्षे माझ्या मनात आहे.

मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, याला विरोध आहे आणि त्यांची कारणे मला खोटी वाटत नाहीत. गावात नळ तिसऱ्या दिवशी येतो, त्यामुळे मे महिन्यात फुलांसाठी पाणी कुठून आणणार, हा त्यांचा पहिला प्रश्न आहे. साचलेल्या पाण्यात डास होतील, हा दुसरा. आमच्याकडे पारा 45 अंशांच्या वर जातो, हे वेगळे सांगायला नको. ज्यांनी आपल्या भागात कुंडीत, हौदात किंवा टाक्यात पाणवनस्पती जगवल्या आहेत, त्यांनी डोणीचा आकार, माती आणि उन्हाळ्यातील पाणी यांविषयी अनुभव लिहावेत, ही विनंती.

---

बोडीकाठ (साकोली, जि. भंडारा) · 9 फेब्रुवारी

ताई, माहेरचा तलाव आठवून तुम्ही लिहिले आहे, म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे बाजारात कमळ म्हणून दोन निरनिराळ्या वनस्पती मिळतात. खऱ्या कमळाचे पान गोल आणि अखंड असते, देठ मधोमध जोडलेला असतो आणि मोठी पाने पाण्याच्या वर हातभर उभी राहतात. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत चीर असते आणि ते पाण्यावर पसरून तरंगते. दोघांचे कूळ वेगळे असून त्यांच्या गरजाही वेगळ्या आहेत.

कमळाचा कंद चिखलात आडवा धावतो. त्याचे टोक भांड्याच्या कोपऱ्यात अडकले की मोडते किंवा सडते, म्हणून कमळाला गोल भांडे लागते आणि त्याला बुडाशी छिद्र असून चालत नाही. तुमची डोणी चौकोनी आहे. तिच्यात थेट माती भरून कमळ लावू नका. अठरा ते वीस इंच व्यासाचे गोल टब माती भरून डोणीत उतरवा. कुमुदाला मात्र गवंड्याचे जुने लोखंडी घमेलेसुद्धा पुरते. कुमुद एका जागी बसून वाढते, कमी मातीत भागवते आणि त्याची पाने पाणी झाकून ठेवतात. पहिल्या वर्षी कुमुदापासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन.

माती शेतातील काळीच घ्या. कोकोपीट, गांडूळ खत आणि कच्चे शेणखत यांपैकी काहीही घालू नका, कारण ते तरंगते, सडते आणि पाण्याला वास येतो. काळ्या मातीतील चुनखडीचे खडे वेचून काढा, ढेकळे फोडून माती भिजवा, लोण्यासारखी मळा आणि वर धुतलेल्या जाड रेतीचा दोन बोटे थर द्या. रेती नसेल तर काळी माती पहिल्याच दिवशी सगळे पाणी गढूळ करते.

---

निंबाची_सावली (हिंगणघाट) · 9 फेब्रुवारी

वानरांचा विचार आधी करून ठेवा. आमच्या कमळाची सहा पाने टोळीने एका सकाळी उपटून खाल्ली. तेव्हापासून मी टाक्यावर बाभळीच्या काट्यांची चौकट आडवी ठेवते आणि पाने उंच झाली की ती चौकट विटांवर उचलते.

---

टँकरचे_गाव (जि. बुलढाणा) · 10 फेब्रुवारी

कोणाचा उत्साह मोडावा, अशी माझी इच्छा नाही, परंतु मला हा विचार पटत नाही आणि तो का पटत नाही, हे मी नीट सांगतो.

आमच्या गावात एप्रिल लागला की टँकर येतो. टँकर विहिरीत रिकामा होतो आणि बाया त्याच्याभोवती दोर-बादल्या घेऊन उभ्या राहतात. माझ्या आईने आयुष्याची वीस वर्षे डोक्यावर पाणी वाहिले. अशा भागात पाणी उघड्यावर ठेवून ते उन्हाला पाजायचे आणि तेही शोभेसाठी, हे मला आपल्या परिस्थितीला धरून वाटत नाही. भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे आहेत, तिथे कमळ आपल्या घरी आहे. पश्चिमेकडच्या कोरड्या तालुक्यांनी ते का मागावे? तीच डोणी मातीने भरून तिच्यात अडुळसा, कोरफड किंवा गवती चहा लावला तर चार लोटे पाण्यात वर्ष निघेल.

---

मोजपट्टी (मूर्तिजापूर, जि. अकोला) · 10 फेब्रुवारी

वरील आक्षेप गंभीर आहे, त्यामुळे त्याचे उत्तर आकड्यांतच द्यायला हवे. मागच्या मे महिन्यात मी सिमेंटच्या उघड्या हौदात स्टीलची पट्टी उभी करून 14 दिवस रोज सकाळी सात वाजता पाण्याची पातळी लिहून ठेवली. पाणी दिवसाला 9 ते 13 मिलिमीटर उतरत होते. वारा सुटला त्या दिवशी उतार जास्त होता. त्यानंतर हौदावर पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधली, तेव्हा उतार 7 ते 8 मिलिमीटरवर आला.

ताईंच्या डोणीचा पृष्ठभाग दहा चौरस फूट, म्हणजे सुमारे 0.93 चौरस मीटर आहे. पाणी 1 सेंटिमीटर उतरले तर सव्वानऊ लिटर गेले. म्हणजे ऐन मे महिन्यात, जाळी नसताना, रोज साधारण दहा लिटर आणि नळाच्या दोन पाळ्यांमध्ये तीस लिटर. जाळी बांधली तर वीस-बावीस लिटर. घरातला कूलर याच महिन्यात रोज किती बादल्या पाणी घेतो, ते प्रत्येकाने आपापल्या घरी मोजून पाहावे. आमचा चार घेतो.

एक गोष्ट मात्र टँकरचे_गाव यांच्या बाजूने सांगायला हवी. हा हिशेब फक्त भर घालण्याचा आहे. डोणी पहिल्यांदा भरायला सव्वाचारशे लिटर लागतील. त्यातील काही जागा टब घेतील, तरीही ते पाणी फेब्रुवारीत नळाचे भरू नये. पहिला भरणा मृगाच्या पावसावर सोडावा आणि तोवर फक्त एक टब सांभाळावा.

---

उपकेंद्र_सेवक (जि. गोंदिया) · 11 फेब्रुवारी

मी आरोग्य खात्यात हिवताप आणि डेंग्यूचे काम करतो, म्हणून मामाजींच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो.

अंड्यापासून उडता डास तयार व्हायला उबदार दिवसांत आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आम्ही सांगतो ते यासाठीच. डेंग्यू पसरवणारी एडिस जातीची मादी स्वच्छ पाण्याच्या भांड्यात, पाण्याच्या रेषेलगत भिंतीला अंडी चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागताच त्यांतून अळ्या निघतात. म्हणून तुमची डोणी नुसती ओतून देणे पुरेसे नव्हते, तिच्या भिंती नारळाच्या काथ्याने घासायला हव्या होत्या. आता वापरात आणण्याआधी हे काम नक्की करा.

पाण्यात मासे असतील तर डोणी दर आठवड्याला ओतण्याची गरज राहत नाही. आमच्या खात्याकडून गप्पी मासे मिळतात. तुमच्या डोणीला पंधरा मासे पुरे आहेत, पुढे ते स्वतःच वाढतात. त्यांना वरून खाद्य देऊ नका, कारण पोट भरलेला मासा अळ्या शोधत नाही. हे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतील आहेत, म्हणून ते बोडीत (लहान तळ्यात), नाल्यात किंवा विहिरीत कधीही सोडू नयेत. आपल्या ओढ्यांत डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेला एक लहान मासा पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरताना दिसतो. तोही अळ्या उत्तम खातो. तो मिळाला तर गप्पीपेक्षा त्यालाच पसंती द्या.

आणखी एक. जलपर्णी आणि पाणकोबी सुंदर दिसते म्हणून डोणीत घालू नका. पाणकोबीच्या मुळांना मॅन्सोनिया जातीच्या डासाच्या अळ्या चिकटून राहतात, तिथूनच श्वास घेतात आणि माशांना सहज सापडत नाहीत. शिवाय पावसात डोणी वाहिली तर जलपर्णी नाल्यापर्यंत पोहोचते, आणि तिने आपल्या तलावांची काय अवस्था केली आहे, ते सर्वांनी पाहिले आहे.

---

आजीचे_घंगाळ (अचलपूर) · 11 फेब्रुवारी

माझ्याकडे आजीचे तांब्याचे मोठे घंगाळ आहे. त्यात कुमुद लावले तर ते किती शोभून दिसेल, असा विचार मनात येत होता. ते चालेल का?

---

बोडीकाठ · 11 फेब्रुवारी

ताई, थेट लावू नका. तांबे पाण्यात अगदी थोडे उतरले तरी मासे आणि गोगलगायी तग धरत नाहीत. शेवाळ मारायला मोरचूद वापरतात, तेही तांब्याच्या याच गुणामुळे. घंगाळाच्या आत त्याच मापाचा प्लास्टिकचा टब बसवा, म्हणजे घंगाळही दिसेल आणि झाडही जगेल. पितळेच्या गुंडालाही हेच लागू आहे.

---

पऱ्हाटी_आणि_तूर (राळेगाव, जि. यवतमाळ) · 12 फेब्रुवारी

भांड्याचा विषय निघाला आहे, म्हणून कळकळीने लिहितो. शेतात औषधांचे निळे-पांढरे ड्रम पडलेले असतात आणि ते अर्धे कापले की तयार टब मिळतो, असे अनेकांना वाटते. फवारणीच्या औषधाचा ड्रम कितीही धुतला तरी वापरू नये. आमच्या जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते दिवस आम्ही पाहिले आहेत. त्या ड्रममधील पाणी चिमण्या पितील, मधमाश्या पितील, एखादे वासरू पिईल.

दुसरी गोष्ट, डोणी कपाशीच्या वावरालगत असेल तर फवारणीच्या दिवशी तिच्यावर ताडपत्री टाका. कपाशीवर मारतात त्यांतील काही कीटकनाशकांचा वाऱ्याने आलेला तुषारसुद्धा माशांना मारतो. कपाशीवरचा मावा कमळाच्या पानांवरही येतो. तेव्हा पंप उचलू नये. पान हाताने पाण्यात बुडवून हलवावे, मावा सुटतो आणि मासे तो खातात.

---

खारपाण (दर्यापूर, जि. अमरावती) · 13 फेब्रुवारी

आमचे गाव खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारट भूजलाच्या भागात आहे. मी दोन वर्षे बोअरच्या पाण्यावर कुमुद जगवण्याचा प्रयत्न केला. पाने करड्या कडांची व्हायची, कळी पाण्याखालीच काळी पडायची आणि टबाच्या काठावर पांढरा थर धरायचा. पाणी कमी पडते, असे समजून मी अधिक पाणी घालत होतो आणि नेमकी तीच चूक होती. वाफ होऊन जाते ते शुद्ध पाणी, क्षार मात्र टबातच राहतात. रोज भर घातली की रोज थोडे मीठ वाढते.

तिसऱ्या वर्षी टिनाच्या छपराची पन्हाळ टबात सोडली. पहिला पाऊस छपराची धूळ धुऊन नेतो म्हणून तो वाहू दिला आणि नंतरच्या पावसाने टब भरून पुन्हा पुन्हा वाहू दिला. त्या वर्षी प्रथमच फूल आले. आता दर पावसाळ्यात अर्धे पाणी उपसून वांग्यांना घालतो आणि जागा पावसाने भरू देतो. आर्वीकडे पाणी इतके खारट नसेल, पण बोअरचे जड पाणी असेल तर हे लक्षात ठेवावे.

---

परसदार (पुसद, जि. यवतमाळ) · 13 फेब्रुवारी

मी वयाने मोठी आहे, म्हणून तुम्हाला बाई म्हणते. बाई, पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न तुम्ही सर्वांनी मोजपट्टीने सोडवला, पण आपल्या घरात दर पाळीला काय होते, त्याकडे कोणी पाहिले नाही. नळ आला की आपण आधी शिळे पाणी ओततो. रांजण, गुंड, हंडे, कळशी या सर्वांतील उरलेले पाणी मोरीत किंवा अंगणात जाते आणि मग ताजे भरले जाते. माझ्या सासूबाईंच्या काळापासून आमच्याकडे असेच चालते. शिळे पाणी वाईट नसते, पण पिण्यासाठी ताजे हवे, ही आपली रीत आहे.

माझ्या अंगणातील सिमेंटच्या टाक्यातील कुमुद बारा वर्षे त्याच पाण्यावर जगले आहे. मी त्याच्यासाठी नळाचा एक हंडासुद्धा वेगळा भरलेला नाही. येत्या पाळीला तुमच्या घरचे शिळे पाणी एका बादलीने मोजून पाहा.

---

उपकेंद्र_सेवक · 13 फेब्रुवारी

काकूंनी लिहिलेल्या गोष्टीला आणखी एक कारण जोडतो. ग्रामपंचायत टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते. त्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. पाणी दोन-तीन दिवस उघड्या भांड्यात राहिले की तो बराच उडून जातो. म्हणजे डोणीसाठी ताज्या पाण्यापेक्षा शिळे पाणीच अधिक योग्य आहे.

---

टँकरचे_गाव · 14 फेब्रुवारी

काकूंचा प्रतिसाद वाचून मी थांबलो. ओतून दिल्या जाणाऱ्या पाण्याचा विचार मी केला नव्हता. तरीही आमच्या गावात मे महिन्यात शिळे पाणी उरतच नाही, तळाशी राहिलेले पाणीसुद्धा भांड्यांना जाते. म्हणून माझे म्हणणे आमच्यापुरते कायम आहे. आर्वीच्या ताईंना ते लागू होत नसेल, तर मी आग्रह धरत नाही.

---

कोरडवाहू_वावर · 16 फेब्रुवारी

सर्वांचे मनापासून आभार. आज नळाची पाळी होती. मी पाच लिटरची बरणी घेऊन मोजले. रांजण, दोन गुंड आणि तीन हंडे मिळून 34 लिटर शिळे पाणी निघाले. मामाजी शेजारी उभे राहून मोजत होते. ते काही बोलले नाहीत, पण दुपारी त्यांनी डोणीच्या बुडाशी असलेल्या छिद्रातील चिंध्यांची जुनी गुल्ली काढली आणि तिथे सिमेंट भरले.

ठरले ते असे. पहिला भरणा मृगावर. तोवर एका घमेल्यात कुमुद लावून ते मोठ्या टबात ठेवायचे. माहेरहून भाऊ पुढच्या आठवड्यात कुमुदाचा कंद आणणार आहे. कमळाचे बी पूजेच्या दुकानातून आणले आहे, ते रुजेल का?

---

बोडीकाठ · 16 फेब्रुवारी

बी उकडलेले नसेल तर रुजेल. ते कवच इतके कठीण असते की चीनमध्ये कोरड्या तळ्याच्या गाळात सापडलेले सुमारे 1300 वर्षांपूर्वीचे बी रुजले आहे. बीच्या एका टोकाला बारीक अणी असते आणि दुसऱ्या टोकाला खळगी. खळगीचे टोक खडबडीत फरशीवर आतला पांढरा गर दिसेपर्यंतच घासा. पेल्यात कोमट पाण्यात ठेवा आणि पाणी रोज बदला. दुसऱ्या दिवशी बी फुगून दुप्पट होईल आणि आठवड्याच्या आत हिरवा कोंब निघेल. तरंगत राहिलेले बी टाकून द्या.

बुडाशी नवीन सिमेंट भरले आहे, म्हणून सांगतो. नव्या सिमेंटमधून चुना उतरतो आणि पाणी माशांना सोसणार नाही असे होते. मृगात डोणी भरली की पाच-सहा दिवसांनी ते पाणी उपसा. असे तीनदा करा आणि चौथ्या पाण्यात मासे सोडा.

---

मोजपट्टी · 17 फेब्रुवारी

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पाणी वाटाण्याच्या सूपासारखे हिरवे होईल. त्या वेळी ते बदलण्याचा मोह होतो आणि बहुतेक लोक तिथेच चुकतात. ते हिरवे पाणी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म शेवाळ असते. त्याला ऊन आणि खत मिळते म्हणून ते वाढते. नवे पाणी भरले की त्याच्याबरोबर नवे क्षार येतात आणि शेवाळ पुन्हा वाढते. पानांनी निम्म्याहून अधिक पृष्ठभाग झाकला की ते आपोआप ओसरते. थोडी हायड्रिला ही पाण्याखाली वाढणारी वनस्पती घातली तर लवकर ओसरते. घरात डीएपी खत असतेच, पण ते पाण्यात टाकू नका. झाड जोर धरल्यावर पाच-सहा दाणे मातीच्या गोळीत बंद करून मुळाजवळ खोल दाबा. युरिया अजिबात नको.

---

ढिवरपुरा (नवेगावबांध परिसर, जि. गोंदिया) · 19 फेब्रुवारी

डोणी एवढी मोठी असेल तर शिंगाड्याचाही विचार करावा. आमच्या ढिवर समाजाचे तलावांशी नाते मासे आणि शिंगाड्यामुळे आहे. शिंगाड्याचा वेल पावसाळ्यात लावतात, त्याची पाने चकतीसारखी पाण्यावर पसरतात आणि दिवाळीच्या आगेमागे फळ मिळते. डोणीत फार तर दोन मुठी शिंगाडे निघतील, पण मुलांना तो वेल पाहायला मिळेल. त्याच्या पानांना चाळणीसारखी भोके पाडणारा एक लहान भुंगेरा येतो, तो सकाळी हाताने वेचावा.

तलावांविषयी एक सांगतो. मालगुजारी (जमीनदारी) गेली, तलाव सरकारकडे आले, गाळ साचत गेला आणि काठांवर बेशरमाची झुडपे माजली. आमच्या लहानपणी जिथे कुमुद होते, त्यांतील कित्येक ठिकाणी आज ते नाही. ताईंच्या भावाने कंद आणताना तलावातील एकटादुकटा गड्डा न उपटता दाट जागेतून बाजूचे पिल्लू घ्यावे आणि उपटलेली जागा चिखलाने बुजवावी.

---

कोरडवाहू_वावर · 4 जून

नवतपा (मेअखेरीपासूनचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपला, म्हणून खबर देते. टब गोठ्याच्या पूर्वेकडील भिंतीला ठेवला होता. तिथे सकाळी सहा ते साडेबारापर्यंत ऊन येते आणि नंतर भिंतीची सावली पडते. टबाभोवती पोत्याचे तरट गुंडाळून ते ओले ठेवले. तरी दोन पानांच्या कडा भाजल्या, बाकी कुमुद हिरवे आहे.

एक नुकसान झाले. टबात आठ गप्पी होते. 22 मे रोजी नळ आला तेव्हा पुतण्याने पाइप थेट टबात सोडला आणि त्या दिवशी पाण्याला पावडरचा उग्र वास होता. संध्याकाळपर्यंत पाच मासे मेले. तो लहान आहे आणि त्याला कोणी सांगितले नव्हते, दोष माझा आहे. आता टबाजवळ एक हंडा शिळ्या पाण्याने भरून ठेवते आणि भर फक्त त्यातूनच घालते.

टबात एक खडबडीत दगड अर्धा पाण्याबाहेर राहील असा ठेवला आहे. दुपारी त्याच्यावर मधमाश्यांची रांग लागते.

---

निंबाची_सावली · 5 जून

घरात लहान मूल आहे, हे तुमच्या लिहिण्यावरून कळले. डोणी दीड फूट खोल आहे आणि लहान मुलाला वीतभर पाणीही जिवावर बेतू शकते. भरण्याआधी लोखंडी जाळी करून घ्या. पाने तिच्यातून वर येतात आणि वानरांपासूनही बचाव होतो.

---

कोरडवाहू_वावर · 21 ऑगस्ट

निंबाची_सावली ताईंचे ऐकून जाळी करून घेतली. मृग कोरडा गेला, डोणी आर्द्रात भरली. बोडीकाठ दादांनी सांगितल्याप्रमाणे तीनदा उपसली आणि ते पाणी भेंडीला गेले. पाणी हिरवे झाले, मी धीर धरला आणि विसाव्या दिवशी तळाची रेती दिसू लागली.

काल पोळा होता. बैल नाहीत, तरी मामाजींनी दरवर्षीप्रमाणे डोणी धुवायला घेतली होती. मग पाण्यात मासे आहेत हे आठवून त्यांनी फक्त बाहेरून हात फिरवला आणि काठाला हळद-कुंकू लावले. कुमुदाला आतापर्यंत तीन फुले आली आहेत. ती रात्री उमलतात आणि सकाळी नऊपर्यंत मिटतात, म्हणून आम्ही दिवसभर त्यांची वाट पाहत होतो आणि ती आधीच उमलून गेलेली असत. कमळाला पाच उभी पाने आहेत, कळी नाही. त्याला काही कमी पडते आहे का?

एका रात्री काठावर साप दिसला. पाठीवर काळ्या चौकटी होत्या. सर्पमित्राने फोटो पाहून तो दिवड असल्याचे आणि बिनविषारी असल्याचे सांगितले. बेडकांसाठी तो येतच राहील, म्हणून आता अंधारात टॉर्च घेतल्याशिवाय कोणी तिकडे जात नाही.

---

बोडीकाठ · 21 ऑगस्ट

काही कमी नाही. बियांपासून केलेले कमळ बहुधा दुसऱ्या वर्षी फुलते, पहिले वर्ष ते कंद बांधण्यात घालवते. दिवाळीनंतर पाने पिवळी पडतील, तेव्हा झाड मेले असे समजून टब रिकामा करू नका. सुकलेले देठ पाण्याच्या वरच कापा आणि चिखल ओला ठेवा. फेब्रुवारीत कंद काढून त्याचे दोन-दोन पेरांचे तुकडे करता येतील.

---

टँकरचे_गाव · 23 ऑगस्ट

तुमची खबर वाचत होतो. मीही एक अर्धा टब पावसाच्या पाण्यावर ठेवून पाहावा, असे मनात आले आहे. माझी अट एकच आहे: मृगात भरायचा, होळीपर्यंत ठेवायचा आणि नंतर त्याला एक थेंबही द्यायचा नाही. या अटीवर कुमुद जगेल का, की दरवर्षी नवे आणावे लागेल?

---

ढिवरपुरा · 23 ऑगस्ट

जगेल, दादा. आमच्या लहान बोड्या एप्रिलमध्ये पूर्ण आटतात, तळाला भेगा पडतात आणि गुरे त्यावरून चालतात. कुमुदाचा कंद त्या चिखलाखाली झोपून राहतो आणि पाऊस पडला की पंधरा दिवसांत पान वर येते. टबातील माती थोडी असते, ती पार भाजून निघते, म्हणून होळीनंतर कंद काढून धुवा आणि माठाखालच्या ओल्या रेतीत सावलीत पुरून ठेवा. माठ पाझरतो, तेवढी ओल त्याला पुरते. मासे मात्र होळीआधी अशा कोणाला तरी द्या, ज्यांच्या टाक्यात उन्हाळ्यातही पाणी असते.

---

कोरडवाहू_वावर · 24 ऑगस्ट

मासे आमच्या डोणीत आणून सोडा. आणि कुमुदाचे एक पिल्लू तुमच्यासाठी वेगळ्या डब्यात लावून ठेवते. पावसाळा संपायच्या आत न्या, म्हणजे थंडीआधी ते मूळ धरेल.